हॅरिएट थर्ल्बीची शेवटची घडी

लायनेल टिपटन घरून निघाला तो केवळ एक पुस्तक आणण्यासाठी. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार होता. त्या दिवसांत आमच्याकडे दुपार ओसरते न ओसरते तोच अंधारून येते. इंग्लंडातल्या लडलो गावाहून वेल्सच्या सरहद्दीकडे जाणारा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणे, आणि गाडीत तो एकटा. बायको गेल्यापासून तो सगळीकडे एकटाच जात असे.

पुस्तकांचा मेळा आटोपल्यावर माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी ही हकीकत सांगितली. ऐकायला टॅम्झिन आणि कॉरिन हे दोघे होते. दोघेही जुन्या पुस्तकांच्या धंद्यात नुकतेच उतरलेले. मी सुरुवातीलाच स्पष्ट केले, की यातले काही मी पाहिले आहे आणि उरलेले लायनेलने मला सांगितले आहे. आणि लायनेलला रचून सांगण्याची कला अवगत नव्हती.

त्याचा नाद एकच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात निघालेल्या कवितासंग्रहांच्या पहिल्या आवृत्त्या, आणि त्यांतही न कापलेल्या प्रती. त्या काळी छापलेला मोठा कागद घड्या घालून तसाच शिवत. वाचणाऱ्याने एकेक घडी सुरीने कापायची आणि पुढे जायचे. घड्या शाबूत असतील, तर त्या प्रतीला आजवर वाचक लाभला नाही हे उघड. आमच्या धंद्यात अशीच प्रत सर्वांत मोलाची.

“म्हणजे कुणी वाचलंच नाही म्हणून भारी?” टॅम्झिन हसली. “मग आमच्या कॉलेजची अख्खी लायब्ररी सोन्याची म्हणायची!”

“तुझी पुस्तकं तर नक्कीच,” कॉरिन म्हणाला. “तू थांब गं, मिस्टर गार्बेटना पुढे सांगू दे.” त्याने माझ्याकडे बोट केले.

हॅरिएट थर्ल्बी ही खेड्यातली शाळामास्तरीण. तिने पदरमोड करून आपल्या कविता छापल्या, नातलगांत आणि गावात वाटल्या. सर्वांनी आभार मानले. कुणीही घडी कापली नाही. पुढे त्या प्रती पोटमाळ्यांवर कुजल्या, चुलीत गेल्या. उरलेली एकच प्रत तिच्या भावाच्या पणतीकडे होती; तीच आणायला लायनेल निघाला होता. ही मिस थर्ल्बी ऐंशीच्या घरातली. तिने लायनेलला किंमत सांगितली नाही. एकच विचारले.

“वाचणार ना हो तुम्ही?”

“वाचीन की.”

“नाही, तसं तोंडदेखलं नको. आमच्या घरातले सगळे ‘वाचीन की’च म्हणाले होते. मीसुद्धा.”

“शब्द देतो,” लायनेल म्हणाला.

आणि घरी आल्यावर त्याने पुस्तक काचेच्या कपाटात ठेवले व कुलूप लावले. त्याला यात लबाडी वाटली नाही. न कापलेल्या प्रतीला सुरी लावणे हे आम्हा संग्राहकांना पापच वाटते. वाचण्याचे वचन मोडणे मात्र कुणालाच तसे वाटत नाही.

त्याने दिवा मालवला. तो दाराकडे वळला.

मागे कुणीतरी श्वास घेतला.

बोलण्याआधी घेतात तसा.

तो थांबला. शब्द आला नाही. घड्याळही वाजत नव्हते...

पुन्हा तोच श्वास.

त्याने वळून पाहिले. शेकोटीत निखारे होते, तेवढाच उजेड. शेकोटीजवळ दोन खुर्च्या. एक त्याची. दुसरी बायकोची, बरीच वर्षे रिकामी.

ती रिकामी नव्हती.

एक बाई. हात मांडीवर. मान किंचित पुढे. चेहरा दिसत नव्हता. पण आपण काही दाखवले आहे आणि समोरचा आता काय म्हणतो, याची वाट पाहणारे माणूस जसे बसते, तशी ती बसली होती.

“कोण...?”

तिची मान आणखी थोडी पुढे झाली.

“कोण आहे?”

...

सकाळी त्याचा फोन आला. “विल्फ, तुझा भुतांवर विश्वास आहे?”

“माझा गिऱ्हाइकांवरसुद्धा नाही.”

“थट्टा करू नकोस रे.” मग त्याने सर्व सांगितले.

“काप ती पानं,” मी म्हणालो. “शब्द दिलायस ना त्या बाईला?”

“कापली की ती इतर कुठल्याही प्रतीसारखी झाली.”

“इतर प्रत आहे कुठे, शहाण्या?”

मी मृतांच्या पुष्कळ कथा ऐकल्या आहेत. त्यांची जात ठरलेली असते: मृताला सूड हवा असतो, दफन हवे असते, किंवा पुरलेल्या धनात जीव अडकलेला असतो. इथे मागणी इतकी लहान होती, की जिवंतपणी ती कुणी पुरवली नाही याचेच मला भय वाटले.

आठवडाभर ती रोज येत राहिली. मग एका संध्याकाळी लायनेलने पहिली घडी कापली आणि मोठ्याने वाचू लागला. त्या घडीतली पाने संपली, तेव्हा ती प्रथमच खुर्चीला पाठ टेकून बसली होती.

“कशा आहेत कविता?” काही दिवसांनी मी फोनवर विचारले.

“बऱ्याचशा वाईट आहेत. पण एक आहे, विल्फ... शाळा सुटल्यानंतरच्या रिकाम्या वर्गावर. ती मी दोनदा वाचली.” तो खाकरला. “घसा बसलाय माझा. रोज बोलायची सवयच गेली होती.”

तो दर संध्याकाळी एक घडी कापी. वाचून झाल्यावर तिच्याशी बोले: हवापाण्याविषयी, बायकोविषयी, बाजारात मिळालेल्या नासक्या सफरचंदांविषयी. ती ऐके. मला त्याचा आवाज तरुण झाल्यासारखा वाटे. मात्र प्रत्येक घडीबरोबर ती फिकट होत होती. आधी खुर्चीचे कापड तिच्यातून दिसू लागले. मग निखारे.

ख्रिसमसनंतर त्याचा फोन आला. “एकच घडी उरली आहे. ती मी कापणार नाही.”

“पुन्हा तुझं जुनं खूळ?”

“प्रतीसाठी नाही रे.”

“मग कशासाठी?”

“ती कापली, की समोरची खुर्ची...” त्याने वाक्य सोडून दिले.

“लायनेल, ती शंभराहून जास्त वर्षं थांबली आहे. आणखी थांबवणार तिला?”

“माझं फार उरलेलं नाही, विल्फ. तेवढं थांबेल ती.”

दुकानामागच्या खोलीत ऐकता ऐकता कॉरिन हळूच म्हणाला, “हे बरं नाही केलं त्यांनी.”

“गप रे,” टॅम्झिन म्हणाली. तिचे हसू केव्हाच गेले होते. “घरी कुणीतरी वाट बघणारं असलं, की असं बोलता येतं.”

फेब्रुवारीत, एका मंगळवारी, त्याच्या शेजारणीचा फोन आला. तो खुर्चीतच गेला होता, झोपेत. डॉक्टरांना त्यात वावगे काही आढळले नाही. त्याच्या पुस्तकांची व्यवस्था त्याने माझ्यावर सोपवली होती, म्हणून त्याच संध्याकाळी मी तिथे पोचलो.

शेकोटी थंड. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मात्र त्या समोरासमोर नव्हत्या. हाताला हात लागेल अशा, शेजारी शेजारी ओढलेल्या होत्या. अखेरच्या संध्याकाळी लायनेलने त्या हलवल्या असतील. तेवढे समजण्यासारखे आहे.

पुस्तक एका खुर्चीवर होते, मिटलेले. मी शेवटची घडी पाहिली.

कापलेली नव्हती.

वरून जोडलेली. बाजूनेही जोडलेली. पाकिटासारखी, फक्त खालून उघडी, तीही अंगठा जेमतेम शिरेल एवढीच. सुरीचा स्पर्श नाही. कागद कुठे ताणलेला नाही. आमच्या धंद्यात अशी घडी खालून किंचित फुगवून आत डोकावतात, तसे मी केले. बॅटरीचा उजेड आत सोडला.

समोरासमोर दोन पाने. एक कविता. मी ती वाचली नाही.

समासात, बोट पोचणार नाही इतक्या वर, डाव्या पानावर एक मळकट ठसा होता. पुस्तक उघडे धरताना अंगठा दाबला जातो, तसा. रुंद, पुरुषाचा.

आणि उजव्या पानावर, त्याच उंचीवर, दुसरा. लहान.