एका चहापुरतं

नागपूरहून निघालं की सेलूला थांबायचं, विजेच्या गाडीला वायर लावायची, चहा संपेस्तोवर गाडीची बॅटरी भरायची की सुटायचं गावाकडे, सिंदी मेघेला. सुश्रुत अन् त्याचे वडील रूपराव, दोघांचा हा नेमच होता. रूपराव तर साऱ्या गल्लीत मिरवायचे, "आमची गाडी एका चहात भरते!"

मग कंपनीनं परस्पर गाडीत काहीतरी नवं सॉफ्टवेअर घातलं. सांगणं नाही, विचारणं नाही.

रूपरावांना सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं, तसा सुश्रुत नागपूरहून उतरल्या बॅटरीनंच निघाला. सेलूला वायर लावली, तोच वडिलांचा फोन. आवाज पार खोल गेलेला.

"घाई नको करू बाप्पा... एक चहा पे अन् येजो. मी थांबतो."

चहा संपला. दुसरा हातातच गार झाला. गाडी काही भरेना. कंपनीला फोन लावला तर पोरगी गोड आवाजात म्हणते, "सर, गाडीत काहीच दोष नाही." बस पकडावी, तर वाटे, आता भरेल, आता भरेल. तो पोचला तेव्हा वडिलांच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

तेरवीला गावच्या घरी दिव्याखाली पीठ पसरून टोपली झाकली. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला, ते पिठावरच्या खुणेवरून कळतं म्हणतात. सुश्रुतच्या बायकोनं, इलानं, टोपली उचलली. पीठ कोरं.

"कुठीच नाई गेला वाटते माहा भाऊ," रुख्माआत्या पुटपुटली अन् पदरात तोंड खुपसून रडली.

दिवस कलता दोघं नागपूरला निघाले. सेलूला वायर लावली. सुश्रुतला चहा नकोसा झालता. इलानंच आणून हातात दिला.

"अहो... गाडी भरली."

ग्लासात अजून चहा होता. तेवढ्यात मोबाईलवर कंपनीचा निरोप आला, इतक्या दिवसांनी: 'बॅटरीच्या सुरक्षेसाठी चार्जिंगचा वेग कायमचा कमी केला आहे.'

गाडीत पिठाचा वास येत होता. इलानं मागचं दार उघडलं अन् ती मागं सरली. मॅटवर पिठानं माखलेली अनवाणी पावलं उमटली होती. डाव्या पायाला करंगळी नव्हती. रूपरावांची ती कडबा तोडताना गेलती.

"बाबा..." सुश्रुत पावलांशी वाकला. "मले उशीर झाला ना..."

इलानं गुपचूप आणखी एक चहा आणून मागच्या सीटवर ठेवला.

नागपूर येईस्तोवर दोघांनी मागं वळून पाहिलं नाही. घरी पोचल्यावर पाहिलं तर ग्लास रिकामा होता. पावलं मात्र सारी आत चढतानाचीच, उतरतानाचं एकही नाही.