नालबंदपुऱ्यातली जळकी डीपी

"मॅडम, छावणीमागच्या नालबंदपुऱ्यात डीपी जळाली. आत माणूस मेलाय. आरोपी सापडलाय, तुम्ही फक्त सही करायला या."

फोनवर फौजदार सुदर्शन गाडेकर होता. विजेच्या अपघाताचं कारण शोधून लिहून देणं हे वीज निरीक्षक मोनिका जंजाळचं काम, आणि 'फक्त सही करायला या' हे शब्द ऐकले की तिचं डोकं फिरायचं. तिनं गाळलेला चहा ओट्यावर तसाच सोडला आणि गाडी काढायला सांगितली.

गल्लीनं तिचं स्वागत दगडानं केलं. सरकारी गाडीच्या टपावर तो दणकन आदळला. कुणी मारला ते अर्थातच कुणी पाहिलं नव्हतं.

डीपीभोवती तारेच्या उंच जाळीचं कुंपण. आत दोन ओटे. जुन्या ओट्यावर जळून काळाठिक्कर पडलेला ट्रान्सफॉर्मर, आणि शेजारच्या नव्या ओट्यावर त्याच्या दुप्पट आकाराचा, कोरा करकरीत दुसरा. पंचनामा उरकल्या उरकल्या कंपनीनं क्रेन आणून तो बसवला होता. ज्या शहरात उडालेला फ्यूज टाकायला वायरमन संध्याकाळपर्यंत फिरकत नाही, त्या शहरात ही तत्परता पाहून मोनिकाला कौतुक नाही, संशय वाटला.

"सांगा," ती म्हणाली.

"गयास नाव त्याचं. समोर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे," गाडेकर म्हणाला. "कंपनीनं त्याची लाइन कापली तवा भर चौकात ओरडला होता, तुमची डीपी जाळतो म्हणून. सगळ्या गल्लीनं ऐकलंय. रात्री पहारीनं कुलूप तोडलं, तेलाचा कॉक उघडला अन काडी लावली. कंपनीचा राखणदार कडूबा आत झोपला होता. तो गेला."

"आतलं तांबं?"

"हाय तसंच. चोरी नाय, निव्वळ खुन्नस."

"गयास कुठं सापडला?"

"इथंच फाटकापाशी. पहार हातात, तळवे भाजलेले."

"पेटवून इथंच थांबला?"

"गुन्हेगार शहाणे असते तर आमचं कसं व्हायचं, मॅडम?"

मोनिका नव्या ओट्यापाशी वाकली. सिमेंटवर तिनं गाडीची किल्ली जोरात ओढली. ओरखडाही उठला नाही. ओट्याच्या बुडाला हिरवं शेवाळ धरलं होतं, आणि कोपऱ्यात ताज्या सिमेंटवर ओली करून पसरतात तशा गोणपाटांचा अर्धवट जळालेला ढीग पडला होता.

"कुलूप दाखवा."

गाडेकरनं नाराजीनं प्लास्टिकची पिशवी पुढं केली. तिनं ती उन्हात धरली. कुलूप काजळीनं काळंभोर झालं होतं. कडी जिथं तुटली होती तेवढाच भाग चकचकीत होता. तिनं फोटो घेतला.

"आता सही?" गाडेकरनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

समोरच्या दारात गयासची आई जैतुनबी बसली होती. मोनिका जवळ जाताच ती म्हणाली, "या. सही करा अन पोराला माझ्या फाशी द्या. त्यासाठीच आल्या ना?"

"कडूबा ओळखीचा होता तुमच्या?"

"आमच्या घरची भाकर खायचा रोज रातीला. गयास चाचा म्हनायचा त्याला. काल नाय आला जेवायला, अंगात ताप होता म्हनं. चाचाला कोन जाळतं का, बाई?"

"तो नवा ओटा कधी बांधला?"

म्हातारीच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं आणि तिथं राग आला. "आमच्या पोरीच्या, आमरीनच्या मंगनीच्या आधी, दोन-तीन म्हयने झाले. घरात पावने, नळाला आठ-आठ दिवस पानी नाय, अन इथं रोज टँकर यायचा त्या दगडाला आंघोळ घालायला. दोन घागरी दे बाबा म्हनलं, तर नाय. पानी मारून झालं की किल्ली फिरवून फाटकाला कुलूप. बाया घुसतील म्हनं, पानी चोरतील. इलेक्शनात दारोदार फुकट पानी वाटनारा तोच टँकर, बरं का."

"कुलपाची किल्ली कडूबा द्यायचा का टँकरवाल्याला?"

"नाय. त्याची सोताची होती."

तेजोदय वीज कंपनीचा शहरप्रमुख विश्वजीत पळणीटकर आपल्या थंडगार केबिनमध्ये दुःखी चेहऱ्यानं बसला होता. चेहरा त्यानं सकाळपासून तसाच ठेवला असावा.

"नवा ओटा कशासाठी बांधला?" मोनिकानं विचारलं.

"पूर्वतयारी. शहर वाढतंय."

"गेल्या वर्षी वीज आयोगानं तुमचे मोठे ट्रान्सफॉर्मर नाकारले. जुने अजून कितीतरी वर्षं चालतील म्हणाले."

"म्हणून तर थांबलो होतो. आता लोकांनीच जाळला, तिथं आमचा नाइलाज आहे."

"फाटकाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक कडूबाच्या खिशात सापडली. दुसरी आमच्या स्टोअरला."

"बघू."

"शोधून पाठवतो," विश्वजीत म्हणाला. ती किल्ली कधीच आली नाही.

बाहेर फाटकावर घोषणा चालू होत्या. वीज ग्राहक समितीचे तात्यासाहेब मोर्चा घेऊन आले होते. कंपनीच्या साहेबांना चपलांचा हार घालणारा माणूस म्हणून सारा जिल्हा त्यांना ओळखायचा.

"लिहा बाई, लिहा," ते मोनिकाला म्हणाले. "गरिबाच्या पोरानं जाळली डीपी. रागानं जाळली. मी त्याच्या पाठीशी उभा आहे. पुढं अजून जळतील." त्यांनी गार पाण्याची बाटली तिच्या हातात कोंबली. "घ्या. आपल्याकडं पाण्याला तोटा नाही, सहा टँकर फिरतात आपले."

मोनिकानं बाटली तशीच परत केली. गयासच्या बाजूनं बोलणारा एकच माणूस सापडला होता, आणि तोही त्याला आरोपी ठरवूनच बोलत होता. तिला मनापासून शिसारी आली.

पुढच्या आठवड्यात, कंपनीचे खर्च आणि विजेचे दर मंजूर करणाऱ्या आयोगाची जाहीर सुनावणी भरली. कंपनीची मागणी सरळ होती. लोकांनी नासधूस केली, नवा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागला, त्याचा खर्च मान्य करा. सभागृह खचाखच भरलं होतं आणि प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या अंगावर जात होता. मोनिका माइकपाशी गेली तशी मागून कुणी ओरडलं, "कंपनीची दलाल, खाली बस." पहिल्या रांगेत जैतुनबी होती. गयासला त्याच संध्याकाळी खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात हलवणार होते. गाडेकर दाराशी उभा होता, कपाळावर आठ्या घालून.

"गयासनं डीपी जाळली नाही," मोनिका म्हणाली. "त्यानं कुलूप तोडलं हे खरं. पण आग लागल्यावर तोडलं. सगळं कुलूप काजळीनं माखलंय, तुटलेली कडी मात्र चकचकीत आहे. आगीच्या आधी तुटली असती तर तिच्यावरही काजळी बसली असती. आत चाचा जळत होता, त्याला काढायला हा पोरगा पहार घेऊन धावला. तळवे भाजले ते तापलेल्या जाळीनं. फौजदारसाहेब, कुलूप तुमच्याकडंच आहे. आत्ता बघून घ्या."

 गाडेकरच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"म्हणजे आग लागली तेव्हा फाटकाला बाहेरून कुलूप होतं. कडूबाची किल्ली त्याच्या खिशात होती, पण जाळीतून बाहेरच्या कुलपापर्यंत हात पोचत नव्हता. कडूबा आत असल्यानं कुलूप उघडंच लटकत होतं, आणि ते किल्ली फिरवल्याशिवाय लागत नाही. पेटवणारा आत आला आणि जाताना दुसऱ्या किल्लीनं कुलूप लावून गेला."

"कशासाठी?" आयोगाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं. "लोकांवर आळ घालायचा तर फाटक उघडं टाकलं असतं."

"सवयीनं, मॅडम. हा माणूस रोज त्या नव्या ओट्यावर पाणी मारायचा आणि बायकांनी घागरी घेऊन घुसू नये म्हणून फाटक बंद करायचा. त्या रात्रीही हातानं सवयीचं काम केलं."

सभागृहातला गलका थोडा ओसरला.

"तो ओटा आगीच्या कितीतरी आधीचा आहे. पाणी मारून मारून बुडाला शेवाळ आलंय. आयोगानं जो ट्रान्सफॉर्मर नाकारला, त्याचा ओटा कंपनीनं कशाच्या भरवशावर बांधला? नियम असा आहे की कंपनी जेवढं भांडवल घालते, त्यावर ठरलेला नफा तिला आपल्या बिलांतून मिळतो. बाकी दुकानदार खर्च वाचवतो. हिला खर्च वाढवण्यात फायदा. आयोगानं लगाम घातला, तर एक फट उरली. लोकांनी नासधूस केली, तर न विचारता नवं बसवता येतं. तेव्हा लोकांनी नासधूस करायला हवी होती. रागावलेले लोक हवे होते, आणि त्यांना पेटवणारा पुढारी हवा होता. मोर्चा जितका मोठा, तितकी नासधूस खरी वाटणार."

ती वळली. "तात्यासाहेब, ओट्यावर पाणी मारणारा टँकर तुमचा. जैतुनबी इथंच आहेत."

"याचाच टँकर," जैतुनबी उभी राहून म्हणाली. "अन हा सोता केबिनीत बसून यायचा. किल्ली याच्या खिशात."

"एका बाईच्या बोलण्यावर?" तात्यासाहेब गरजले. "मी जन्मभर या कंपनीशी लढलो."

"मग कंपनीची किल्ली तुमच्याकडं कशी?" मोनिकानं विचारलं. "की चोरली? पळणीटकर, तुम्ही सांगा. दुसरी किल्ली तुमच्या ताब्यात होती. ती दुसऱ्या कुणाला दिली नसेल, तर कडूबाला कोंडणारे तुम्हीच ठरता."

विश्वजीतनं रुमालानं मान पुसली. "किल्ली मी यांना दिली होती. ओट्याच्या कामाला. पुढचं मला माहीत नाही."

"माहीत नाही?" तात्यासाहेबांचा आवाज फाटला. "लोकांनी जाळली असं दिसलं पाहिजे, हे कोण म्हणालं होतं? शहरातल्या सगळ्या ओट्यांचं काम मला देतो म्हणाला होतास ना? तो राखणदार त्या वेळी समोर जेवायला असतो, हेही तूच सांगितलंस. आत कुणी निजलंय हे मला कसं कळणार?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. गाडेकरनं दार आतून लावून घेतलं.

कंपनीची मागणी आयोगानं फेटाळली. कोर्टाचे सोपस्कार होऊन दोन दिवसांनी गयास तुरुंगातून सुटला. मोनिका जैतुनबीबरोबर तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभी होती. खरं तर तिला आपल्या कामाचा थोडा अभिमान वाटत होता.

गयास लंगडत आला. कोठडीत त्याच्या पायांवर काय काय उतरलं ते त्याच्या चालण्यात दिसत होतं. आईनं त्याचं तोंड कुरवाळलं आणि ही मॅडम कोण ते सांगितलं.

"शुक्रिया," तो म्हणाला. नजर जमिनीवर होती.

"तू कडूबाला वाचवायला धावलास," मोनिका म्हणाली. "हे आता सगळ्यांना माहीत झालंय."

"मलाबी माहीत झालंय, मॅडम, धावल्यावर काय हुतं ते." तो आईकडं वळला. "अम्मी, पुढच्या येळी कुनी आतून वरडलं, तर मी दार लावून घेईन."

जैतुनबीनं त्याला गप्प केलं नाही. दोघं रिक्षात बसून निघून गेले.