करपलेलं तेल

सिग्नल हिरवा झाला, तरी पुढची चंदेरी गाडी जागची हलेना. इंजिन नुसतंच गुरगुरत होतं. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला, तशी मी स्कूटरवरून उतरले आणि काचेवर टकटक केली.

"गिअर 'डी'तच आहे ना?"

"आहे. पण गाडीला ते मान्य नाही." चालवणाऱ्याच्या कपाळावर घाम, ओठांवर कसंनुसं हसू.

"न्यूट्रलला घ्या. दहा आकडे मोजा. आता परत 'डी'… हळूच."

गाडी गचका देऊन सरकली.

"तुम्ही देवदूत आहात की—"

"मेकॅनिक. माझ्या मागून या."

गॅरेजमध्ये तो काठी टेकत उतरला, तेव्हा दिसलं, त्याचा डावा गुडघा वाकतच नव्हता. अपघात झाला होता म्हणे. क्लच दाबणं शक्य नाही, म्हणून ही जुनी ऑटोमॅटिक. घरोघरी जाऊन वाद्यं दुरुस्त करण्याचा त्याचा धंदा, सगळा या गाडीवर.

"त्रास नेमका कधी होतो?"

"गाडी तापली की. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनचा सूर वर चढतो… गाडी मात्र तिथेच."

इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी पाहतच राहिले. त्यानंही नजर हलवली नाही.

"खरं काय ते चढावर कळेल," मी घाईनं म्हणाले.

तो चालवत होता, मी शेजारी बसले होते. पुलाच्या चढावर तिसरा गिअर सुटला. इंजिन किंचाळलं, वेग पडला, आरशात मागचा ट्रक मोठा मोठा होत गेला. त्याचा हात गिअरच्या दांड्यावर गोठला होता. मी त्यावर हात ठेवून दांडा खाली ओढला.

"आता अ‍ॅक्सिलरेटर दाबा!"

गाडीनं दुसरा गिअर धरला. ट्रक कर्कश हॉर्न देत बाजूनं निघून गेला. माझा हात मात्र… तिथेच होता.

"चढ संपला," तो हळूच म्हणाला.

"हो का?" मी हात काढून घेतला.

परतल्यावर चालू इंजिनवरच गिअरचं तेल तपासलं. काळंकुट्ट, करपलेलं. आतल्या क्लच प्लेटा जळल्या होत्या. मग स्कॅनर लावला. बिघाडाच्या जुन्या नोंदी, फॉल्ट कोड, कुणीतरी पुसल्या होत्या, आणि पुसल्यापासून गाडी फक्त एकशे बारा किलोमीटर चालली होती.

"घेतल्यापासून किती चालवलीत?"

"शंभरेक. का?"

"कुणाकडून घेतलीत?"

त्यानं खिशातून कार्ड काढलं. त्यावर जुन्या गाड्या विकणाऱ्या माझ्या सख्ख्या दादाचं नाव होतं.

मी शेडमागे जाऊन दादाला फोन लावला.

"अगं, तेल बदल आणि दे पाठवून," तो म्हणाला. "गाडी महिनाभर काही बोलायची नाही. त्याला काय कळतंय?"

"दादा, आज पुलावर तो मेला असता. मीही शेजारीच होते."

मी त्याला बोलू दिलं नाही.

"गाडी परत घे. नाहीतर हा स्कॅनरचा रिपोर्ट मी सही करून त्याच्या हातात देते."

"भावाविरुद्ध सही करशील?"

"करीन."

मग, "पाठव त्याला," म्हणाला आणि फोन आपटला.

मी बाहेर आले. "बिघाड लपवून ज्यानं तुम्हाला फसवलं तो… माझा भाऊ आहे. गाडी परत घेतोय तो. तुम्हाला माझं तोंड पाहायचं नसेल, तर मी समजू शकते."

तो काठीवर रेलून माझ्याकडे पाहत राहिला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"लपवता आलं असतं तुम्हाला," तो म्हणाला.

"हो."

"मग दुसरी गाडी मी तुम्हाला दाखवल्याशिवाय घेणार नाही."

"दर रविवारी एक बघू."

"आणि पहिल्याच रविवारी चांगली मिळाली तर?"

मी हात पुसायचं फडकं उगीचच चुरगाळलं. आयुष्यात गाडीबद्दल कधी खोटं बोलले नव्हते…

"तर," मी म्हणाले, "तिच्यात मी काहीतरी खोट काढीन."