पोलादरावाच्या मनातलं कुणी लिहिलं?

भुजंगशेठ गुन्हेगार शोधून द्या म्हणत आले, तेव्हा गुन्हा कबूल केलेले दोघं त्यांच्या पदरात आधीच होते.

"दोघं कबूल झालेत, मंग माझ्याकडं कशाला आलात?" गिरिजाबाईंनी विचारलं. नवऱ्यामागं कोर्टासमोरचं अर्ज लिहायचं टेबल त्यांनी वीस वर्षं चालवलं होतं. आता अर्ज सुटले होते, माणसांचं खोटं पकडायची सवय तेवढी राहिली होती, आणि जालन्यात त्या सवयीला गिऱ्हाईक कमी नव्हतं.

"दोघं कबूल झालेत, हीच तर पंचाईत," भुजंगशेठ म्हणाले. "गुन्हा एकानंच केलाय."

जुन्या जालन्यातल्या त्यांच्या छापखान्यातून 'पोलादराव' नावाची चित्रकथा निघत होती. पोलादराव उडायचा, रेल्वे अडवायचा. पुंजाराम मास्तर गोष्ट लिहीत, वसंता चित्रं काढी. पोलादरावाच्या डोक्यावर ढग असायचे आणि त्यांत मनातलं छापलेलं असायचं. मास्तरांचा पोलादराव मनातही छाती फुगवूनच बसलेला: 'मी अजिंक्य! मला भय ठाऊक नाही!'

तिसऱ्या अंकाची पानं छपाईचे ब्लॉक करायला औरंगाबादला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी प्रत्येक ढगात नव्या छापील चिठ्ठ्या चिकटवल्या. अंक बाजारात गेल्यावरच ते शेठच्या ध्यानात आलं.

"ज्यानं केलं त्याला हाकलणार होतो," शेठ म्हणाले. "तेवढ्यात पत्रं यायला लागली. आष्टीहून, वाटूरहून. अंक संपला! औरंगाबादचा एजंट म्हणतो, पुढचे बारा अंक घेतो. पण मनातलं त्याच माणसानं लिहायचं अन् त्याचं नाव कव्हरवर पाहिजे. आज सांजच्याला नाव सांगायचंय. चुकीचं सांगितलं तर चौथ्या अंकातच उघडा पडीन."

गिरिजाबाईंचे साथीदार रखमाजी, निवृत्त हवालदार, सातवं पान वाचत होते. पोलादराव कापसाच्या जिनिंग मिलच्या उंच चिमणीवरून पडणारं पोर झेलायला झेपावला होता. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ढग. डावीकडे: 'शेवटाला पोचल्यावरच सोडायचा.' उजवीकडे: 'श्वास कोंडून धर. मध्येच सुटला तर हात हलेल.'

"काय सोडायचा?" रखमाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, हे काही बराबर लागत न्हाई."

"ध्यानात ठेवा," एवढंच बाई म्हणाल्या.

दोघं छापखान्यात आले. छापखाना चार माणसांचा. तिथं छपाईचे खिळे जुळवायला सगळ्यांनाच येत होतं, त्यामुळे चिठ्ठ्या छापणं कुणालाही जमलं असतं.

वसंता ब्रश धुत होता. "ताई, ढग माझे, मंग शब्द दुसऱ्याचे कसे असतील?"

"सातव्या पानावर आधी 'सोडायचा' अन् मागून 'श्वास'. असं का?"

"ते... सस्पेन्स ठेवलाय!"

"शाळा कुठं झाली तुझी?"

"इथंच. मराठी शाळा. दोन वेळा सातवी केली, पक्की झाली."

पुंजाराम मास्तरांनी टोपी नीट केली. "मीच लिहिलं. आधीचा मजकूर मलाच पटेना. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेला माणूस आहे मी, बाई. दोन भाषांचं पाणी प्यालोय."

"मंग पोलादराव श्वास का कोंडतो?"

"पळून पळून दम लागला असंल त्याला."

"मास्तर, तो उडून राह्यला ना?"

मास्तरांनी टोपी पुन्हा नीट केली.

खिडकीपाशी सुगराबी बसली होती. बाप महेमूद कातिब, सुलेखन करणारा. बोरूनं उर्दू लिहिण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो गेल्यावर उर्दू लग्नपत्रिका तीच लिहायची. गिरिजाबाईंनी दोनदा हाक मारली. उत्तर नाही. बोरू एक लांब वळण घेत कागदाच्या कडेपर्यंत गेला, उचलला गेला, तेव्हा तिनं श्वास सोडला आणि मान वर केली.

"बोला, आपा."

"पोलादराव वाचला?"

"मी उर्दूवाली. माझा काय संबंध?" तिची नजर शेठच्या दारावरल्या पाटीवर गेली: 'दुसऱ्याच्या पानाला हात लावेल त्याचं काम बंद.'

बाहेर आल्यावर रखमाजी खूश होते. "मास्तरच! वसंताला तर स्वतःचंच पान समजत न्हाई."

"अर्धं बराबर," बाई म्हणाल्या. "बोलवा सगळ्यांना."

छपाई थांबली. गिरिजाबाईंनी सातवं पान मेजावर ठेवलं.

"रखमाजी, आता उजवा ढग आधी वाचा."

"'श्वास कोंडून धर. मध्येच सुटला तर हात हलेल.' मंग डावा. 'शेवटाला पोचल्यावरच सोडायचा.'" रखमाजींचा चेहरा उजळला. "आता लागलं की!"

"हे लिहिणाऱ्यानं पहिला विचार उजवीकडं ठेवला. ज्याचा डोळा जन्माचा उजवीकडून वाचायच्या उर्दूत मुरलाय त्याच्याकडून बेसावधपणे हेच होणार. वसंता, तू डावीकडून वाचलंस अन् वर सस्पेन्स सांगितलास. तू सुटलास."

मास्तर पुढे सरसावले. "मी म्हणालो नव्हतो? उर्दूत शिकलो!"

"शिकलात. पण उडणाऱ्याला पळवलंत. श्वास सुटला तर हात हलेल, ही काळजी पैलवानाला नसते, मास्तर. ती लांब रेघ ओढणाऱ्याला असते. कातिब रेघ सुरू करतो तेव्हा दम धरतो, शेवटाला पोचल्यावर सोडतो. मी दोन हाका मारल्या तरी ही पोरगी बोलली न्हाई. का? रेघ चालू होती."

सगळे खिडकीकडे वळले. सुगराबीनं पाटीकडे पाहिलं नाही.

"मीच केलं," ती म्हणाली. "भीती न्हाई त्याला मंग कौतुक कशाचं? अब्बांचा हात म्हातारपणी थरथरायचा. तरी रेघ सरळ यायची. मला वाटलं, पोलादरावाचंबी असंच असंल. लोकांना नुसती झेप दिसते."

वसंता हळूच म्हणाला, "मी चित्र काढलं तेव्हा मला तो एवढा मोठा वाटला नव्हता."

मास्तरांनी पान जवळ ओढलं. अजिंक्य माणूस त्यांनी जन्माला घातला होता. त्याचा खरा माणूस कुणी केला ते आता दिसत होतं. "गोष्ट माझी," ते म्हणाले, "मन हिचं. शेठ, ढगांना मी हात लावणार न्हाई."

भुजंगशेठनी घसा साफ केला. "काम बंद वगैरे सोडा. पण सुगरा, कव्हरवर एखादं टोपणनाव टाकू. 'मनकवडा' वगैरे. कसं?"

"न्हाई."

"अगं, लोक म्हणतील, उर्दू लिहिणारी बाई—"

"म्हणू द्या. एकदा लपून लिहिलं, ते झालं. आता पुरं नाव. सुगराबी महेमूद."

रखमाजींना वाटलं, शेठ भांडतील. शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि खिळे जुळवायची पट्टी उचलून निमूट तिच्या हातात दिली.

सुगराबी उठली. बारीक खिळ्यांच्या खणांपुढून ती सरळ पुढे गेली, आणि पोलादरावाचं नाव ज्या मोठ्या खिळ्यांनी छापत असत, त्यांच्या खणातून तिनं पहिला 'सु' उचलला.