जास्तीचे पट्टे

त्या दिवशी आमच्या दगडखाणीच्या भंगार यार्डात, डंपरच्या जुन्या टायरांच्या ढिगावर एक शेळी चढून बसली होती. खाली उभा राहून एक उंच मुलगा तिची मनधरणी करत होता.

"आत यायला परवानगी लागते," मी शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाले. यार्डची इनचार्ज होते मी.

"मला ठावं हाय, मॅडम. तिला न्हाय की!"

मला हसू फुटलं. कडकपणा तिथंच संपला.

हा शिवू. खाणीपलीकडच्या वस्तीवरचा, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या घरातला. जाता जाता त्याची नजर जुन्या रबरी पट्ट्यांवर गेली. खाणीतल्या यंत्रावर खडी वाहून झिजलेले हे पट्टे आम्ही गावकऱ्यांना फुकट देतो. जाळायचे नाहीत, एवढीच अट. त्याला शेळ्यांच्या पायाखाली अंथरायला एक पट्टा हवा होता. चिखलात खुरं कुजत्यात, म्हणाला.

दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर! "जरा कमी पडला, मॅडम." मग कोपरा राहिला. मग करडांसाठी... दर वेळी इस्त्रीचा शर्ट, पाण्यानं चापून बसवलेले केस. भंगार न्यायला कोणी इतकं नटून येतं? पण मी तरी कुठं विचारलं! त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला, की मीच ओढणीवरची धूळ झटकत बसायचे.

आणि एक दिवस वरून आदेश आला — पुढच्या महिन्यापासून सगळं भंगार कंत्राटदार नेणार, वाटप बंद. मग शिवू कशाला येईल इकडं? खरं सांगते, मला रडूच आलं.

दिलेले पट्टे जाळले नाहीत ना, हे बघायचं निमित्त काढून मी त्याच्या वस्तीवर गेले. शेडमध्ये पहिलाच पट्टा छान पसरलेला, त्यावर शेळ्या निवांत रवंथ करत होत्या. बाकीचे लिंबाखाली तसेच गुंडाळलेले!

"एकच पुरला की," त्याची आई मायाक्का म्हणाली. "बाकीचं कशाला आनतुयस म्हून इचारलं, तर नुस्ता लाजतुय." आणि ती चहा टाकायला आत गेली.

शिवू कानापर्यंत लाल झाला. "मॅडम, ते... दुसरं काय मागावं, सुचंना—"

"मागायचं काय होतं?"

तो चपलेनं माती उकरत राहिला. "तुमी घडीभर बोलावं... एवढंच."

वाटप बंद होणार, हे मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा असा उतरला, की मला राहवेना.

"पण न वापरलेला माल परत करावा लागतो," मी म्हणाले. असा नियम कुठंच नव्हता.

"व्हय? उद्याच समदं आनून टाकतो."

"एकदम नाही. एका खेपेला एकच."

त्याला उमगायला जरा वेळ लागला. मग तो हळूच हसला. "आन... समदं संपल्यावर?"

"संपल्यावर सोलापुरात आमच्या घरी यायचं. बाबांना भेटायला," मी कशीबशी म्हणाले. "तेव्हा मात्र पट्टा नको... एकटेच या."

"एकटा कशापायी?" आतून मायाक्काचा आवाज आला. "मी बी येती की!"