रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे मी माझ्या धाकट्या जावेच्या तोंडून ऐकलंय, आणि तिला तिखटमीठ लावून सांगता येत नाही. साधी भांडणंसुद्धा ती मुद्देसूद करते.

आणि हो, रात्र-बित्र नव्हती. लख्ख दुपार होती. कॉलेजात वर्ग चालू होते.

जाऊ इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला, शेवटच्या वर्षात. बाळंतपणात एक वर्ष गेलेलं. आता प्रोजेक्ट अडला असता तर नावच कमी झालं असतं. पुन्हा संधी नाही. लेकीला सासूबाईंच्या हवाली करून ती रोज मागे न बघता घराबाहेर पडायची. मागे बघितलं की पाय निघायचा नाही.

गट तिघांचा. गटप्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणायचे. प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी म्हणजे चष्मिस. आणि ही वयाने मोठी, म्हणून ‘ताई’.

तान्ह्या बाळाचा श्वास ऐकणारं यंत्र करायचं होतं. पाळण्यावर माइक. श्वास ऐकू आला की हिरवा दिवा. थांबला की लाल. कल्पना जावेचीच. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून तीही बसायची ना, आपण सगळ्या बसतो तशी!

कॉलेजात एक आवाजबंद खोली आहे. भिंतींना, छताला फोमचे सुळके. आधी त्या खोलीचं, रिकामी असताना, रेकॉर्डिंग करायचं. माइकची घरघर, विजेची गुणगुण, सगळं त्यात येतं. मग ते पुढच्या प्रत्येक आवाजातून वजा करायचं. उरतो तो नुसता श्वास.

रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग कॅप्टनने केलं. वजाबाकी चष्मिसने लिहिली. लेकीचा श्वास जावेने घरून आणला. कोणी कोणाचं ऐकून बघितलं नाही. गटाच्या कामात होतं तसंच... आपापलं करा, शेवटी जोडू.

परीक्षकांसमोर जायच्या आदल्या दुपारी जोडलं.

पाळण्यात स्पीकर ठेवून लेकीचा श्वास लावला...

लाल दिवा.

पुन्हा लावला. लाल.

“चष्मिस, तुझ्या प्रोग्रॅमने ताईंची पोर गिळली की गं!” कॅप्टन म्हणाला.

“माझा प्रोग्रॅम दिलं तेच वजा करतो. तू काय दिलंयस ते ऐक आधी.”

जावेने हेडफोन कानाला लावले. रिकामी खोली ऐकू लागली.

घरघर... गुणगुण... आणि त्याच्या खाली...

श्वास.

लहानसा. भरभर. मधेच अडखळणारा, नाक चोंदलेल्या तान्ह्याचा असतो तसा.

“कॅप्टन, आत कोण होतं?”

“कोण असणार? दार मीच लावलं. बाहेरून.”

“मग तुमच्या लेकीचंच रेकॉर्डिंग मिसळलं असेल,” चष्मिस म्हणाली.

जावेने मान हलवली. आपल्या पोरीचा श्वास आईला कळत नाही होय? हा तिचा नव्हता.

स्पीकर काढला. वजाबाकी बंद केली. पाळणा मोकळा केला. तिघंही बाहेर आले, दार लावलं आणि काचेतून बघत राहिले.

पाळण्यावरचा दिवा हिरवा झाला.

“बिघाड आहे,” चष्मिस म्हणाली. पण अगदी हळू. कोणी झोपलं असावं तसं.

हिरवा... हिरवा... हिरवा...

आणि मग लाल.

“थांबलं!” कॅप्टन ओरडला. “रेकॉर्ड कर, लवकर! हीच आपली रिकामी खोली!”

जाऊ तोवर दाराशी पोचली होती.

“ताई, आत जाऊ नका! थोडं मिळू दे, उद्या पास आहोत!”

तिने दार उघडलं. आत स्वतःची पावलंसुद्धा ऐकू येईनात, फोम सगळं पिऊन टाकतो. तिने मोकळ्या पाळण्यात हात घातला आणि थोपटायला लागली.

“नाही हं... नाही राजा... घे बघू श्वास...”

चादर कोमट होती.

दिव्याकडे बघायचा धीर तिला झाला नाही. तिने काचेपलीकडे चष्मिसचा चेहरा बघितला. त्यावरून कळलं. हिरवा झाला होता.

बाहेर आल्यावर कॅप्टन भडकला. “वर्ष कोणाचं जाणार आहे? माझं? तुमचंच ना?”

ती काचेतून पाळण्याकडेच बघत होती.

मग तोच निवळला. “तुम्ही दोघी घरी जा. मी बघतो.”

ती गेली. तिला जायचंच होतं, असं ती म्हणते.

तिने नंतर चौकशी केली. त्या खोलीत काही घडलेलं नव्हतं. इमारतच नवी. कोणाचं मूल तिथे कधी आलेलंही नाही.

संध्याकाळी कॅप्टनचं नवं रेकॉर्डिंग फोनवर आलं. तिने लिहिलं, “थोपटलंस का?”

त्याने वाचलं. फक्त उद्याची वेळ कळवली.

दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत. लेकीचा श्वास लावला, हिरवा. थांबवला, लाल. परीक्षक खूश. त्यांतल्या सर्वांत ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “वजा काय केलंत, तेही ऐकवा बघू.”

चष्मिसने रिकामी खोली लावली. हॉलभर घरघर... गुणगुण...

खाली काहीच नाही.

“वा! किती स्वच्छ,” बाई म्हणाल्या.

कॅप्टनने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते.

आणि जावेला पान्हा फुटला.

लेकीचं दूध तिने कधीच तोडलं होतं. पार आटलं होतं. तरीही भुकेलं पोर टाहो फोडतं तेव्हा फुटतो तसा, दोन्हीकडून, एकदम. तिने ओढणी गच्च लपेटली. रेकॉर्डिंग चालूच होतं. संपलं तेव्हा कुठे थांबला.

तिघंही पास झाले. उत्तम गुणांनी.

ते यंत्र आता एका दवाखान्यात, तान्ह्या बाळांच्या खोलीत चाचणीला लावलंय. तिथल्या प्रत्येक पाळण्याच्या आवाजातून ती स्वच्छ शांतता वजा होते. दिवसभर. जाऊ त्या रस्त्याने जात नाही. काढून टाका म्हणून दोनदा पत्र लिहिलं तिने. यंत्र छान चालतंय, काढायचं कशाला, असं उत्तर आलं.

काल भांडी आवरताना तिने मला हळूच सांगितलं.

“वहिनी, मला अजून दूध येतं.”