पाचव्या दाराचा डबा

मुलांनो, एक करा. जिथे बसला आहात तिथेच बसा आणि एक जिना डोळ्यांपुढे आणा.

चार मजल्यांची इमारत. दुपारचे तीन. बाहेर बारीक पाऊस. जिन्यात तुम्ही एकटे, अनवाणी. सगळी दारं बंद.

आला डोळ्यांपुढे?

हे खरंच घडलं आहे. गेल्या मोहरमात, एका शनिवारी, कोल्हापुरात. ही गोष्ट सांगताना मला आजही दाराकडे पाठ करून बसवत नाही. का, ते शेवटी कळेल.

त्या जिन्यात तेजस्वी उभी होती. वय दहा. गळ्यात लाल-हिरवा नाडा, हातात कापडी पिशवी.

तिला फकीर केलं होतं.

कोल्हापुरात कितीतरी तालमींत गणपती बसतो तिथेच मोहरमात पीर बसतो, आणि हिंदू घरांतली मुलंही नवसाने पिराचे फकीर होतात. नवस तेजूच्या आजीचा होता. कागलहून त्या आजीने, चिमणाबाईंनी, फोनवर बजावलं होतं, "पाच घरं माग. लाजू नगंस. आणि घेतलंस की माघारी वळून बघायचं न्हाय, ध्यानात ठेव."

नवस आईसाठी होता.

चार महिन्यांपूर्वी तेजूला भाऊ झाला. तो रडलाच नाही.

तेव्हापासून तिची आई, श्यामला, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बोलणं नाही. जेवण चमचाभर. रडणंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले होते, पायाला दुखणं येतं तसं मनालाही येतं, गोळ्यांना थोडा वेळ द्या. ते बरोबरच होतं. बाबा रोज न चुकता गोळी देत आणि कारखान्यात जात.

मग घरात उरायची तेजू... आणि भिंतीकडे बघणारी आई.

म्हणून तेजूला पाच घरं हवीच होती.

पहिल्या मजल्यावरच्या जैन काकूंनी काही न विचारता ओंजळभर तांदूळ घातले. शेजारच्या, दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टरनी पिशवीत साखर ओतली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "मी पण येशूकडे मागते हं तुझ्या आईसाठी."

दुसऱ्या मजल्यावर अंबूबाई होत्या. "फ्लॅटात राहून भीक मागतीस व्हय गं?" म्हणाल्या. "थांब. रिकामी जाऊ नगंस." त्यांनी ज्वारी दिली. त्यांच्या समोर कॉलेजची पोरं राहायची. त्यांच्याकडे दाणाच नव्हता. त्यांनी मॅगीचं पाकीट दिलं.

चार झाली.

तिसऱ्या मजल्यावर तिचंच घर. बाकीची दारं उघडलीच नाहीत. आतून टीव्हीचे आवाज येत होते.

चौथ्या मजल्यावर टीव्हीचाही आवाज नव्हता.

तिने शेवटच्या दाराची बेल दाबली. चारशे तीन.

आत बेल वाजली... खूप लांब कुठेतरी वाजावी तशी.

मग पावलं. सावकाश, फरफटत येणारी.

दार फटीएवढं उघडलं. आत अंधार. गूळ घालून काहीतरी तळल्याचा वास. एक सुरकुतलेला हात बाहेर आला, हातात स्टीलचा डबा.

"घरात किती जणं, बाळ?" आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"तिघं."

डबा फटीतच थांबला.

"नीट मोज की."

"तिघंच. मी, आई, बाबा."

"मी चार घातल्यात."

दार लागलं. तेजू मागे न बघता खाली पळाली.

डब्यात चोंगे होते. मोहरमात करतात ते गोड, पुरीसारखे, लाकडी साच्याची नक्षी उमटवलेले. ताजे.

खोलीत वास गेला आणि आईने कूस बदलली.

चार महिन्यांत पहिल्यांदा.

"कुणी दिले?"

"वरच्या आज्जींनी."

आईने डबा पुढे ओढला. बोटाने मोजले. एक... दोन... तीन...

चौथ्यावर बोट थांबलं.

"हा त्याचा," आई म्हणाली. आणि मोठ्याने रडली. तेजूला कुशीत घेऊन किती वेळ रडत राहिली. मग अर्धा चोंगा खाल्ला.

चौथा एका ताटलीत वेगळा झाकून ठेवला.

संध्याकाळी बाबा आले. डब्याच्या झाकणावर कोरलेलं नाव त्यांनी वाचलं. झुंबरबाई. वर्षभर इथे राहून त्यांना चारशे तीनमध्ये कुणी दिसलं नव्हतं. ते खाली वॉचमनकडे गेले. तेजूही मागोमाग.

"झुंबरबाई?" गुंडूमामा म्हणाला. "व्हत्या की चारशे तीनला. मोहरमात सगळ्या बिल्डिंगीला चोंगे वाटायच्या. पण त्या जाऊन दोन वर्सं झाली, सायेब."

"कशा गेल्या?"

"एकट्याच व्हत्या. तीन दिस कुणाला पत्ताच न्हाय. दारात दुधाच्या तीन पिशव्या पडल्या, तवा कळलं." तो खाली बघत राहिला. "तवापासनं फ्लॅट बंद हाय. लाईटचा मीटर पण काढून नेलाय."

तिघं वर गेले.

दाराला गंजलेलं कुलूप होतं. बाबांनी बेल दाबली. वाजली नाही.

उंबऱ्यापुढच्या धुळीत तेजूच्या अनवाणी पावलांचे ठसे होते. येतानाचे... आणि जातानाचे.

दुसरं काहीच नव्हतं.

सकाळी ताटलीतला चौथा चोंगा नव्हता. झाकण जागेवर. मुंगी नाही, चुरा नाही. बाबा म्हणाले, मी खाल्ला नाही. त्यांना तो डबा घराबाहेर टाकायचा होता.

"तो कुणाचा तरी डबा आहे," आई म्हणाली. "परत करायचा असतो. आणि रिकामा द्यायचा नसतो."

ती उठली. भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवला. रवा भाजल्याचा वास घरात पसरला, तेव्हा बाबा दारातच उभे राहिले.

दुपारी तेजू गरम शिऱ्याचा डबा घेऊन वर गेली. एकटीच जायचं म्हणाली. बाबा खालच्या वळणावर थांबले.

तिने डबा कुलपाखाली, फरशीवर ठेवला. बेल दाबली.

वाजली नाही.

ती वळली. तीन पावलं चालली.

आणि मागे...

स्टीलचा डबा फरशीवरून सरकल्याचा आवाज. हळूच. आतल्या बाजूला.

बाबांनीही तो आवाज ऐकला. त्यांनी हात हलवून तिला खुणावलं, खाली ये, लवकर ये.

आजीने सांगितलं होतं, माघारी वळून बघायचं नाही. तेजूने बघितलं नाही. पण ती खालीही आली नाही.

दाराकडे पाठ ठेवूनच ती वरच्या पायरीवर बसली. गुडघे जवळ घेतले.

"आईनं केलाय," ती म्हणाली. "गरम आहे, आज्जी. तुम्ही सावकाश खा. तोवर मी बसते."